तीस वर्षं दार लावून बसलेला देश रचतोय, चुका काढा

हरिपूरकर
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आत एक दीर्घकथा हातावेगळी करायची आहे. ती घडते नकाशावर नसलेल्या एका देशात. देशाचा परिचय लिहून काढलाय, तो असा:

‘वारणिया. समुद्रकाठचा लहान देश. ऐंशी वर्षं एका युरोपीय सत्तेची वसाहत, १९५८ साली स्वतंत्र. सहा वर्षं निवडून आलेलं सरकार, मग एका कर्नलची सत्ता. त्याने मळे, बँका, दुकानं सरकारजमा केली, परदेशी लोकांना चालतं केलं आणि सीमा बंद केल्या. मुख्य पीक हळद. रेल्वे एकच, मळ्यापासून बंदरापर्यंत. तीस वर्षांनी कर्नल वारला. आता सीमा उघडत आहेत आणि लोकांत आनंदाचं वातावरण आहे.’

घरी वाचून दाखवलं. बायको मेथी निवडत होती. म्हणाली, सगळं कळलं, पण या देशात कुणी राहतं का? तेव्हापासून चार दिवस एक ओळ पुढे सरकलेली नाही. आपल्या सातारा-सांगलीकडची बरीच जाणती माणसं इथे आहेत. दयामाया न करता चुका काढा.

भडंग_फॅन
वारणिया म्हटल्यावर डोळ्यासमोर श्रीखंडाचा डबा आला. बाकी चालू द्या, मी पुडा फोडून बसलोय.

गेंडामाळ
विनोद सोडा, पण नावाचा प्रश्न खरा आहे. हे नाव ठेवलं कुणी? वसाहतवाल्यांनी, तिथल्या लोकांनी, की कर्नलने? ब्रह्मदेशाचं इंग्रजीतलं नाव लष्करी राजवटीने १९८९ मध्ये बर्माचं म्यानमार केलं, रंगूनचं यांगून केलं. लोकशाहीवाले कित्येक वर्षं ते नाव उच्चारायला तयार नव्हते. नावाला हरकत कमी, ते ठेवणाऱ्याला जास्त.

लांब कशाला जा. जुना सातारा जिल्हा १९४९ मध्ये उत्तर आणि दक्षिण असा फोडला. दक्षिण साताऱ्याचा १९६० मध्ये सांगली जिल्हा झाला. आमच्या आजोळच्या दप्तरात एकाच गावाला सातारा, दक्षिण सातारा आणि सांगली असे तीन जिल्हे लागलेत, आणि आजोबा त्याच घराच्या त्याच सोप्यावर बसून होते. तुमच्या देशातल्या म्हाताऱ्यांकडे असे कागद पाहिजेत.

दुसरं म्हणजे ‘परदेशी लोकांना चालतं केलं’ हे तुम्ही चार शब्दांत उरकलंत. ते परदेशी कोण होते? गोरेच होते असं धरून चाललात ना?

हरिपूरकर
हो सर, गोरेच धरले होते.

गेंडामाळ
मग ऐका. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. तिथे पोलीस, कारकून, हमाल, सावकार मोठ्या संख्येने आपले लोक. मंदीनंतर इरावतीच्या मुखाकडची भाताची साधारण पाव जमीन चेट्टियार सावकारांच्या हातात गेली होती. साहेब लांब गव्हर्नरच्या बंगल्यात. दारात वसुलीला येणारा माणूस हिंदी बोलणारा नाहीतर तमिळ. आपल्याकडे १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त जाळले, ते आपण शाळेत अभिमानाने शिकवतो. तिथल्या गोष्टीत सावकार आपण होतो.

नंतर २ मार्च १९६२ ला जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. पुढच्या दोन-तीन वर्षांत बँका, गिरण्या, दुकानं, अगदी लहान दुकानंसुद्धा राष्ट्रीय केली, आणि तीन लाखांच्या आसपास भारतीय वंशाची माणसं देश सोडून निघाली. त्यातल्या पुष्कळांचा जन्मच तिथला. म्हणून विचारतो, तुमच्या कर्नलने दुकान काढून घेतलं तेव्हा रस्त्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या की नाही? माझ्या मते वाजवल्या असणार. बंद दाराला आतूनही हात लागलेले असतात. ते टाळलंत तर कर्नल नाटकातला खलनायक होईल.

मिरज_जंक्शन
रेल्वेवर कुणीच बोलत नाही म्हणून मी. मळ्यापासून बंदरापर्यंत एकच रूळ, हे तुम्ही बरोबर लिहिलंय. वसाहतीतली रेल्वे माल बाहेर काढण्यासाठी असते, देश जोडण्यासाठी नाही. पण गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, कुठलं? शेजारच्या देशाचं वेगळं असेल तर सीमा उघडली तरी गाडी पुढे जाणार नाही. आमच्या मिरजेत एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही होती. कोल्हापूर-पुणे बाजूला मोठी लाइन झाली तरी दक्षिणेकडे मीटर आणि लातूरकडे नॅरो चालूच. रात्री दोनला ट्रंका डोक्यावर घेऊन या फलाटावरून त्या फलाटावर पळणारी माणसं मी लहानपणी पाहिलीत. हमाल, चहावाले, वेटिंग रूम, सगळ्यांचं पोट त्या गेज बदलण्यावर. सीमेवरच्या स्टेशनात असं गाव वसवा.

आणि रस्त्याची बाजू? ब्रह्मदेशात १९७० साली डावीकडून चालणारी वाहतूक एका फटक्यात उजवीकडे नेली. गाड्या मात्र जुन्याच, उजव्या स्टिअरिंगच्या. बसचं दार रस्त्याच्या मध्याकडे उघडायचं. अशी एक बस पानभर वर्णनाला भारी पडते.

कासपठार९
काका, माझा प्रश्न साधा आहे. तीस वर्षं सीमा बंद, मुख्य पीक हळद, खाणारे मूठभर. मग हळद गेली कुठे? आणि देशाने पेट्रोल कशाने घेतलं?

यार्डातला_तात्या
याला उत्तर मी देतो. तीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात आहे, हळद आणि कडधान्य दोन्ही.

पहिली गोष्ट, बंद देश म्हणजे व्यापार बंद असं नसतंय ओ. पावती बंद असते. यार्डात आम्ही जिला लेमन तूर म्हणतो ती ब्रह्मदेशची. त्यामुळं तिथलं चलन, तिथला पाऊस, तिथलं सरकार, सगळ्यावर आमचं लक्ष. तिथं कित्येक वर्षं सरकारी भाव डॉलरला सहा क्याटच्या आसपास होता आणि बाजारात आठशेच्या घरात. सहाचा भाव सोडला २०१२ च्या एप्रिलला. आता मला सांगा, सहाच्या भावात डॉलर कुणाला मिळत असंल? वर्दीवाल्याला, नाहीतर वर्दीवाल्याच्या मेव्हण्याला. तुमच्या देशात दोन भाव पाहिजेत आणि एक मेव्हणा पाहिजे. तो मेव्हणा सीमा उघडल्यावर पहिला उद्योगपती होणार, लिहून ठेवा.

नोटा पण बघा. ने विननं १९८७ च्या सप्टेंबरात २५, ३५ आणि ७५ च्या नोटा एका दिवसात रद्द केल्या. बदलून देणं वगैरे काय नाही. आणि नव्या काढल्या ४५ आणि ९० च्या! का, तर नवानं भाग जातो, नऊ त्याचा शुभ आकडा. पंचेचाळीसच्या नोटेवर सुट्टे पैसे देणाऱ्या वाण्याचा विचार करा. पुढच्याच वर्षी, १९८८ ला, लोक रस्त्यावर आले. आपल्याकडं २०१६ ला निदान रांगेत उभं राहायला रांग तरी होती.

दुसरी गोष्ट हळद. ती सडत नाही. तुम्ही हरिपूरचं नाव लावता आणि पेव विसरलात?

हरिपूरकर
तात्या, लाज काढलीत. आमच्या गल्लीच्या टोकाला पेवं होती. लहानपणी तिकडे खेळायला गेलो की मार बसायचा. कथेत आणायचं डोक्यातच आलं नाही.

यार्डातला_तात्या
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खोल हंडाच. वीस-पंचवीस फूट खोल, पोट मोठं, तोंड माणूस कसाबसा उतरंल एवढं. इथली माती चिवट, भिंत ढासळत नाही, झिरपा नाही. हळद आत भरायची, तोंडावर दगड, वरून माती लिंपायची. हवा नाही म्हणजे किडा नाही. वर्षानुवर्षं माल राहतो, रंगाला बाधा नाही. भाव पडला की लोक पेव लिंपायचे आणि गप बसायचे. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि कित्येक पेवांचा चिखल झाला. त्यानंतर गोदामं आणि शीतगृहं. सांगलीच्या हळदीला २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं, कौतुक झालं, पण तोवर पेवं जवळजवळ गेलीच होती.

आता मुद्द्याचं. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. आत हवा मेलेली असते. उतरलेला माणूस हाक मारायच्या आत खाली बसतो, त्याला काढायला उतरलेला दुसरा त्याच्यावर पडतो. म्हणून तोंड उघडं ठेवायचं, थांबायचं, दोरीनं कंदील सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं. घाई करणारा असतो तो बाहेरगावचा व्यापारी.

कृष्णामाई
तात्यांनी कथा लिहूनच दिली की.

मी आयुष्यभर बँकेत कॅशवर होते, म्हणून पैशाचं सांगते. देश उघडला की पहिल्यांदा आनंद येतो हे खरं, पण त्याच्या पाठोपाठ दामदुप्पट येते. अल्बानियाचं बघा. वसाहत नव्हे, पण बंदपणात त्याचा हात धरणारं कुणी नाही. हुकूमशहा एन्व्हर होक्साने आधी युगोस्लाव्हियाशी, मग रशियाशी, शेवटी १९७८ मध्ये चीनशीही फाटवून घेतलं. देशभर दीड-पावणेदोन लाख काँक्रीटचे बंकर बांधले, आणि सामान्य माणसाला स्वतःची मोटार ठेवायला १९९१ पर्यंत बंदी. अशा लोकांच्या हातात एकदम पैसा, बाजार आणि जाहिराती आल्या. व्याज काय असतं, धोका काय असतो, हे शिकवायला मधली पिढीच नाही. गुंतवणूक योजनांचं पेव फुटलं. (बघा, आपल्या भाषेत पेव फुटतं ते असंच!) निम्म्याहून जास्त लोकांनी पैसे घातले, काहींनी घरं विकून. १९९७ च्या सुरुवातीला सगळं कोसळलं, लोकांनी शस्त्रागारं फोडली, दोन हजारांच्या आसपास माणसं मेली.

हसू नका त्यांना. आमच्याच घरात, मी बँकेत असताना, माझ्या दिरांनी एका योजनेत पैसे घातले. नाव घेत नाही. दरमहा ठरलेली रक्कम येणार होती. सहा महिने आलीसुद्धा. मी ‘काढून घ्या’ म्हटलं तर ‘वहिनी, तुम्हाला बँकेचं साडेसहा टक्केच दिसतं’ असं ऐकून घेतलं. सातव्या महिन्यात ऑफिसला कुलूप. आम्ही तर कधी बंद देशात राहिलो नव्हतो.

तेव्हा ‘आनंदाचं वातावरण’ हे वाक्य आधी खोडा. असं वाक्य फक्त सरकारी पत्रकात असतं.

भडंग_फॅन
साडेसहा टक्के मिळायचे ते दिवस…

आटपाडीची_लेक
माझा आक्षेप वेगळा आहे. कर्नल मेला, त्याच्यामागच्यांनी सीमा उघडायचं ‘ठरवलं’. सत्ता अशी कुणी आपणहून सोडतं का? बहुतेक वेळा नाही. पण सोडल्याचं उदाहरण आपल्याच भागात आहे, आणि ते मला जास्त गुंतागुंतीचं वाटतं.

औंध संस्थान. बहात्तर गावं, तीही सलग नाहीत. औंध साताऱ्यात, आमची आटपाडी इकडे माणदेशात, कुंडल तिसरीकडे, थोडी गावं विजापूरच्या बाजूला. राज्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाताना मध्ये दुसऱ्याचा मुलूख. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारवाले. त्यांनी १९३८ मध्ये जाहीर केलं की अधिकार रयतेला देतो, आणि १९३९ च्या जानेवारीत राज्यघटना लागू झाली. मसुद्याला गांधीजींचा सल्ला, पुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनियर यांची धडपड. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुका, तिथून वर. देश स्वतंत्र व्हायच्या आठ वर्षं आधी, ब्रिटिशांच्या नाकावर टिच्चून.

आणि तुरुंग! आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून खुली वसाहत काढली. भिंत नाही. गंभीर गुन्ह्यातले कैदी बायकापोरांसकट राहून शेती करायचे. लहानपणी आम्ही तिथून जायचो तेव्हा मी आजीला विचारायचे, हे पळून का जात नाहीत? आजी म्हणायची, पळून जायचं कुठं, शेतात भुईमूग आहे ना.

तुमच्या कर्नलच्या तुरुंगात माणसं असणारच. सीमा उघडल्या त्या दिवशी त्यांचं काय झालं ते परिचयात एका शब्दाने नाही. मला विचाराल तर कथा तिथून सुरू होते.

गेंडामाळ
ताई, यात एक भर. कुंडल संस्थानी हद्दीत होतं, याचा फायदा पुढे नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या माणसांना झाला. ब्रिटिश हद्दीत धरपकड सुरू झाली की संस्थानी हद्दीत सरकायचं. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा, तुफान सेना, सगळं त्याच पट्ट्यातलं. १९४३ ते ४६ या काळात खेड्यापाड्यांत त्यांचं न्यायदान चालायचं, बिनहुंड्याची, बिनखर्चाची गांधी लग्नं लागायची. म्हणजे एकाच शिवारात साहेबाचं सरकार, राजाचं सरकार आणि प्रतिसरकार. नकाशावर मात्र एकच रंग. हरिपूरकर, तुमच्या देशात सरकार एकच आहे, हे मला पटत नाही.

कासपठार९
पण काका देश सोडून गेलेल्यांचं काय? बंद देशाचे अर्धे लोक बाहेर असतात.

गेंडामाळ
चांगला मुद्दा काढलास बाळा. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना कंपनीने १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले ते १८५३ पर्यंत तिथेच. अर्ज, सभा, पुन्हा अर्ज. तोवर महाराज वारले, १८४८ मध्ये डलहौसीने राज्यच खालसा केलं, आणि वकील लंडनच्या धुक्यात नसलेल्या राज्याची कैफियत मांडतोय. परतल्यावर १८५७ च्या उठावात ते नाहीसे झाले ते कायमचे. इकडे साताऱ्यात गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, त्यात त्यांचा मुलगा. माझं इथलं नाव त्यावरून आहे, कुणीतरी विचारलं होतं मागे.

तुमच्या देशाचा असा एखादा माणूस परदेशात ट्रंकभर अर्ज घेऊन बसलेला असू दे. तो परत आला तर त्याला ओळखणार कोण?

कृष्णामाई
उघडण्याचा क्षण हवा असेल तर एरिट्रिया घ्या. इटलीची जुनी वसाहत, नंतर इथिओपियाच्या ताब्यात, १९९३ मध्ये स्वतंत्र. मग पुन्हा दोघांचं युद्ध, आणि वीस वर्षं फोन, टपाल, विमान सगळं बंद. सीमेच्या दोन बाजूंना एकाच घरातली माणसं. २०१८ च्या जुलैमध्ये समझोता झाला आणि फोन लागायला लागले. लोकांनी काय करावं? नात्यातल्यांचे नंबर कुणाकडे नव्हते, म्हणून काहींनी नुसतेच आकडे दाबून कुणालाही फोन लावले. पलीकडून अनोळखी माणूस ‘हॅलो’ म्हणाला तरी पुरे. ते वाचलं तेव्हा मी कॅश काउंटरवर होते, आणि दोनदा मोजलेलं बंडल तिसऱ्यांदा मोजलं.

सप्टेंबरात सीमेवरचे रस्ते उघडले, बाजार भरले. काही महिन्यांतच नाकी पुन्हा बंद व्हायला लागली.

कासपठार९
हेच म्हणत होतो. ब्रह्मदेशात सिमकार्ड एकेकाळी दीड-दोन हजार डॉलरला होतं म्हणे, २०१४ मध्ये परदेशी कंपन्या आल्या आणि ते दीड डॉलरवर आलं. पोरं थेट स्मार्टफोनवर. २०१५ ला निवडणूक. आणि १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कर पुन्हा दारात. उघडलेलं दार उघडंच राहील असं धरून कथा लिहू नका.

यार्डातला_तात्या
त्या दिवशी यार्डात तुरीच्या भावावर सकाळपासून फोन. माणसांबद्दल कुणी विचारलं नाही. मी पण नाही.

हरिपूरकर
मंडळी, दोन रात्री जागून सगळं परत लिहिलं. परिचय फाडला. वारणिया हे नाव आता फक्त जुन्या टपाल तिकिटांवर आहे, लोक नुसतं ‘आमच्याकडं’ म्हणतात. सुरुवात अशी केलीय:

‘सीमा उघडल्याचं रेडिओने सांगितलं तेव्हा ती परसात उभी होती. सासऱ्याने पेव लिंपलं त्या वर्षी तिचं लग्न झालं होतं. दुकान गेलं होतं, समोरच्या परदेशी सावकाराचंही गेलं होतं, आणि त्याच्या दुकानाची फळी आजही तिच्या गोठ्याला होती. आज दारात मेव्हण्यांची मोटार आली. सगळी हळद घेतो म्हणाले, भाव तुम्ही सांगा. तिला भाव माहीत नव्हता. पंचेचाळीसच्या नोटा तिने पाहिल्या होत्या, पण त्यांचं काय येतं हे दर वर्षी बदलायचं. दिराने पहार घालून दगड बाजूला केला. वास आला, तीस वर्षांपूर्वीचा. मेव्हणे म्हणाले, चला, उतरवा माणूस. तिने कंदील मागितला.’

तात्या, बघा बरं.

यार्डातला_तात्या
बरं आहे. फक्त पहार दिराच्या हातात देऊ नका, पेव उघडणारी माणसं ठरलेली असायची, घरचा कुणी हात लावत नसे. आणि दिवस कसला आहे ते सांगा. पावसाळी हवेत पेव उघडत नाहीत.

आटपाडीची_लेक
तिचा नवरा कुठे आहे? तुरुंगात ना?

हरिपूरकर
हो ताई. सुटायच्या यादीत नाव आहे की नाही, ते तिला अजून कळलेलं नाही. मलाही.

घरी वाचून दाखवलं. बायकोने या वेळी भाजी बाजूला ठेवली आणि विचारलं, तिचं नाव काय?

भडंग_फॅन
काय पण ठेवा. फक्त नदीचं ठेवू नका.